टेलिपॅथॉलॉजी: नाशिक जिल्ह्यातले रुग्ण, डॉक्टर आणि लॅब वारंवार विचारतात ते प्रश्न

टेलिपॅथॉलॉजी म्हणजे नेमकं काय?

शरीरातून काढलेल्या तुकड्याची काचपट्टी, म्हणजे स्लाइड, एका गावात तयार होते. तिची डिजिटल प्रतिमा पाहून निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या गावात असतो. सुरगाण्यात काढलेल्या तुकड्याची स्लाइड नाशिकच्या लॅबमध्ये बनते आणि मुंबईतला तज्ज्ञ ती आपल्या पडद्यावर पाहतो, असं त्याचं साधं रूप.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. यात प्रवास वाचतो तो स्लाइडचा. तुकड्याला मात्र फॉर्मॅलिनच्या (तुकडा न सडता टिकवणाऱ्या द्रावाच्या) डबीतून लॅबपर्यंत यावंच लागतं. तिथे कुणीतरी तो हातात घेऊन पाहतो, मोजतो, योग्य जागी कापतो, मेणात बसवतो (मेणातला हा ठोकळा म्हणजे ब्लॉक) आणि त्याचे पातळ छेद घेतो. हे काम इंटरनेटवरून होत नाही. म्हणूनच या पानावरची बरीच उत्तरं डबी, फॉर्मॅलिन आणि छेद यांच्याबद्दल आहेत. वाईट स्लाइडची प्रतिमा कितीही स्वच्छ काढली तरी स्लाइड वाईटच राहते.

कल्पना नवी नाही. १९६८ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरच्या दवाखान्यातून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे सूक्ष्मदर्शकातली कृष्णधवल चित्रं पाठवली गेली होती. ‘टेलिपॅथॉलॉजी’ हा शब्द रोनाल्ड वाइनस्टीन यांनी १९८६ मध्ये रूढ केला. पूर्ण स्लाइड स्कॅन करून थेट त्यावरच मूळ निदान देण्याच्या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिली मान्यता एप्रिल २०१७ मध्ये दिली.

पडद्यावर पाहून दिलेला रिपोर्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिलेल्या रिपोर्टइतका भरवशाचा असतो का?

नेहमीच्या बायोप्सींसाठी, हो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,९९२ केसेस १६ पॅथॉलॉजिस्टांनी दोन्ही पद्धतींनी पाहिल्या. मूळ निदानापेक्षा गंभीर फरक पडण्याचं प्रमाण पडद्यावर ४.९ टक्के आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४.६ टक्के निघालं. म्हणजे चूक होण्याची शक्यता दोन्हीकडे आहे आणि ती जवळपास सारखी आहे.

पण हा निष्कर्ष चांगला स्कॅनर, चांगली स्लाइड आणि सराव असलेला डॉक्टर यांच्यापुरता आहे. मोबाइलवर काढलेल्या चार फोटोंना तो लागू पडत नाही.

मग आमचे डॉक्टर मोबाइलवर स्लाइडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते चूक आहे का?

सल्ला विचारायला हरकत नाही, रिपोर्ट द्यायला आहे. फोटोत पाठवणाऱ्याने निवडलेला भागच दिसतो. ज्याला निदान जमत नाही म्हणून तो विचारतोय, त्यानेच कोणता भाग महत्त्वाचा ते ठरवलेलं असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. कर्करोगाच्या पेशी स्लाइडच्या कडेला २ मिलिमीटरच्या पट्ट्यात असतील आणि फोटो मधला असेल, तर पलीकडच्या तज्ज्ञाला चुकण्यावाचून पर्याय नसतो. शिवाय व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं आणि पेशीकेंद्रातली बारीक रचना त्यात पुसली जाते. फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आधी कमी भिंगातून संपूर्ण छेदाचा एक फोटो द्या, मग जास्त भिंगातले. रुग्णाचं नाव त्यात येऊ देऊ नका.

याहून बरा मार्ग म्हणजे सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावून थेट दाखवणं. पलीकडचे डॉक्टर फोनवर ‘डावीकडे घ्या, फोकस थोडा खाली’ असं सांगतात आणि इकडचे स्लाइड हलवतात. कमी स्लाइड्स असतील तर हे छान चालतं. सर्वांत खात्रीचा मार्ग पूर्ण स्लाइड स्कॅनिंगचा. त्यात पाहणारा स्वतः हवं तिथे जातो आणि हवं तेवढं मोठं करून पाहतो.

आईच्या गाठीचा तुकडा तालुक्याच्या गावात काढला. आता टेलिपॅथॉलॉजी आहे, तर रिपोर्ट त्याच दिवशी मिळायला हवा ना?

नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का व्हायला वेळ लागतो. फॉर्मॅलिन सुरुवातीला साधारण तासाला १ मिलिमीटर आत शिरतं, पुढे वेग मंदावतो. सुईने काढलेल्या बारीक तुकड्यालाही किमान ६ तास द्यावे लागतात. त्यानंतर अल्कोहोल, झायलिन आणि वितळलेलं मेण अशी प्रक्रिया बहुधा रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी छेद, रंग आणि स्कॅन. लहान बायोप्सीला २ ते ३ दिवस, स्तन किंवा गर्भाशयासारख्या मोठ्या नमुन्याला ४ ते ७ दिवस, हाड असेल तर आणखी जास्त, कारण त्यातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंडं वापरून पेशींचा प्रकार ओळखणारी खास रंगाई, सांगितली तर वर १ ते ३ दिवस धरा.

वाचतो तो वेळ यानंतरचा. स्लाइड पार्सलने मुंबईला जाणं, तिथे रांगेत पडणं, परत येणं, हे सगळं टळतं. घाई करून फॉर्मॅलिनचे तास कमी करायला लॅबला सांगू नका. कच्चा राहिलेला तुकडा पुन्हा पक्का करता येतो, पण त्यातली पेशींची बिघडलेली रचना परत येत नाही.

तुकडा पाठवताना डबी कशी असावी? फॉर्मॅलिन किती?

रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या. सलाइनची बाटली किंवा इंजेक्शनची कुपी नको. मऊ तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, फॉर्मॅलिनमध्ये कडक होतो आणि बाहेर काढताना चेंगरतो.

फॉर्मॅलिन तुकड्याच्या आकारमानाच्या १० ते २० पट हवं. आधी बरणीत फॉर्मॅलिन ओता, मग तुकडा टाका. तसं केलं नाही तर तुकडा तळाला चिकटतो आणि एका बाजूने कच्चा राहतो. हवं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. तयार मिळालं नाही तर बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि अनहायड्रस डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हवेशीर जागी, हातमोजे आणि चष्मा घालूनच बनवा.

बाटलीतलं तीव्र फॉर्मॅलिन तसंच वापरलं तर तुकड्याचा बाहेरचा थर लगेच कडक होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. फॉस्फेट न घालता नुसतं पाणी मिसळलं तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात काळपट तपकिरी कण साठतात. पडद्यावर ते रंगद्रव्यासारखे दिसून गोंधळ घालतात. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो. मे महिन्यात मालेगाव किंवा येवल्यात दुपारभर असा तुकडा टेबलावर राहिला, तर संध्याकाळी त्यातून निदान निघणं अवघड होतं. स्पिरिटने तुकडा आक्रसतो.

नाव बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. लॅबमध्ये एका वेळी अनेक झाकणं उघडी असतात. नाव, वय, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, तुकडा शरीराच्या कोणत्या भागातला, डावा की उजवा, आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. ही वेळ लिहायची बहुतेक जण विसरतात. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-२ या, औषध ठरवणाऱ्या तपासण्यांसाठी तुकडा शरीराबाहेर आल्यापासून १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेला नमुना सोमवारी दुपारी लॅबला पोचला, तर ७२ तास भरत आलेले असतात. वेळ लिहिलेलीच नसेल तर दूरच्या डॉक्टरला ‘हर-२ निगेटिव्ह’ हे खरं निगेटिव्ह आहे की नमुना बिघडल्यामुळे तसं दिसतंय, ते ठरवता येत नाही. आणि त्या एका शब्दावर पुढचं औषध ठरतं.

सगळेच तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे का?

नाही, आणि इथली चूक दुरुस्त होत नाही. क्षयरोगाच्या कल्चरसाठीचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये हवा, कारण फॉर्मॅलिन जंतू मारतं. मूत्रपिंडाच्या किंवा फोडाच्या त्वचाविकाराच्या बायोप्सीचा इम्युनोफ्लुरोसन्सचा (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडं दाखवणाऱ्या तपासणीचा) भाग मिशेल द्रवात जातो. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, संशयात फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून तपासणारी चाचणी) हवी असेल तर ताजा तुकडा आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात पाठवतात. मानेतल्या गाठीबाबत आपल्याकडे क्षय आणि लिम्फोमा हे दोन्ही संशय नेहमी असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच लॅबला एक फोन करा आणि तुकड्याचे किती भाग करायचे ते विचारा.

लॅबमध्ये स्लाइड चांगली आहे हे स्कॅनरला टाकण्याआधी कसं ओळखायचं?

स्कॅनर माणसासारखा फोकस हलवत बसत नाही. तो छेदावर ठरावीक ठिकाणी फोकस शोधतो आणि त्यावरून बाकीची पातळी ठरवतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली खपून जाणारे दोष इथे अडतात.

छेद ३ ते ४ मायक्रॉनचा हवा. ६ मायक्रॉनच्या छेदात पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि चित्र धूसर येतं. घडी पडली तर घडीवर फोकस बसतो आणि आजूबाजूचा भाग अस्पष्ट होतो. यावर उपाय म्हणजे ब्लॉक बर्फावर नीट थंड करणं आणि पाण्याच्या बाथचं तापमान मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा १० अंशांच्या आसपास कमी ठेवणं. मायक्रोटोमचं, म्हणजे छेद कापायच्या यंत्राचं, पातं बोथट किंवा खाचेचं असेल तर छेदात उभ्या रेघा उमटतात. पात्याची जागा सरकवा, नाहीतर पातं बदला.

कव्हरस्लिप, म्हणजे छेदावर झाकायची पातळ काच, साधारण ०.१७ मिलिमीटर जाडीची घ्या, स्कॅनरची भिंगं त्याच जाडीसाठी बनवलेली असतात. डीपीएक्स, म्हणजे कव्हरस्लिप चिकटवायचा द्राव, जास्त पडलं तर भिंग आणि छेद यांच्यातलं अंतर वाढतं, कमी पडलं तर बुडबुडे येतात. सगळ्यात वैताग देणारी गोष्ट म्हणजे ओलं डीपीएक्स. घाईने टाकलेली स्लाइड ट्रेमध्ये चिकटते, पुढच्या सगळ्या स्लाइड्स अडतात आणि यंत्र उघडावं लागतं. पंख्याखाली नुसती वरवर वाळलेली स्लाइड टाकू नका. कव्हरस्लिपची कड काचेबाहेर आलेली नसावी.

पेनाच्या खुणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. डॉक्टरांनी कव्हरस्लिपवर घातलेला निळा ठिपका यंत्राला छेद वाटतो आणि फोकस शाईवर बसतो.

स्कॅन झाल्यावर एक गोष्ट कधीही टाळू नका. छोट्या आढावा-चित्रात यंत्राने कोणता भाग स्कॅन केलाय ते दिसतं. खरी काच हातात घेऊन, उजेडासमोर धरून, तुकडे मोजा. काचेवर सहा तुकडे आणि पडद्यावर पाच असतील तर थांबा. फिका रंग चढलेले, चरबीचे किंवा अगदी बारीक तुकडे यंत्राला ‘रिकामी काच’ वाटतात. पोटाच्या एंडोस्कोपी बायोप्सीत सुटलेला तो सहावा तुकडाच कर्करोगाचा असू शकतो. दूरच्या डॉक्टरला तो सुटल्याचं कळण्याचा काहीच मार्ग नाही, म्हणून ही मोजणी तंत्रज्ञाच्याच हातात आहे. मागणीपत्रावर ‘तुकडे ६’ असं लिहून पाठवा, म्हणजे दुसरा डोळाही त्यावर राहील.

स्कॅन किती पट मोठं करायचं, २० एक्स की ४० एक्स?

२० एक्सला एक पिक्सेल साधारण ०.५ मायक्रॉनचा असतो, ४० एक्सला ०.२५ मायक्रॉनचा. नेहमीच्या पोट, त्वचा, गर्भाशयाच्या बायोप्सींना २० एक्स पुरतं. लिम्फोमा, मूत्रपिंड, पेशीविभाजनाची मोजणी किंवा रक्तपेशी असतील तर ४० एक्स घ्या.

फरक फाइलच्या आकारात दिसतो. १५ बाय १५ मिलिमीटरचा छेद ४० एक्सला ६०,००० बाय ६०,००० म्हणजे ३६० कोटी पिक्सेलचा होतो. दाबण्याआधी जवळपास ११ जीबी, दाबल्यावर अर्धा ते एक जीबी. २० एक्सला पिक्सेल याच्या एक चतुर्थांश.

पेशीविभाजन मोजताना एक सावधगिरी. ‘१० हाय पॉवर फील्डमध्ये किती’ (फील्ड म्हणजे जास्त भिंगातून एका वेळी दिसणारं वर्तुळ) हे माप सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर अवलंबून असतं, पडद्यावर त्याला अर्थ नाही. चौरस मिलिमीटरमध्ये मोजा. ०.५ मिलिमीटर व्यासाची १० फील्ड म्हणजे सुमारे २ चौरस मिलिमीटर. बहुतेक व्ह्युअरमध्ये, म्हणजे स्लाइड पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेवढा चौकोन आखण्याची सोय असते.

इंटरनेट किती लागतं? पेठ-सुरगाण्याकडे तर फोनलाही रेंज नसते.

पाहणाऱ्याला फारसं लागत नाही. स्लाइडची फाइल अनेक पातळ्यांच्या मनोऱ्यासारखी रचलेली असते आणि व्ह्युअर पडद्यावर दिसणाऱ्या लहान चौकोनांपुरताच भाग मागवतो. १० एमबीपीएसची स्थिर लाइन असली तरी काम चालतं.

पाठवणाऱ्याचं गणित वेगळं आहे, कारण घरगुती जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग अनेकदा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. १ जीबीची फाइल २० एमबीपीएस अपलोडवर साडेसहा मिनिटांत जाते, ५ एमबीपीएसवर सुमारे २७ मिनिटं लागतात. दिवसाच्या ४० स्लाइड्स २० एमबीपीएसवर साडेचार तास घेतात. म्हणून रात्री आपोआप अपलोड लावून ठेवा, आणि लाइन घेताना जाहिरातीतला आकडा न पाहता अपलोडचा वेग लेखी मागा.

रेंज नसलेल्या गावात स्कॅनर ठेवण्यात अर्थ नाही. तिथून बरणी नाशिकला आणायची आणि प्रक्रिया, स्कॅन, अपलोड नाशिकमध्ये करायचं, हीच शहाणी रचना आहे. जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांतल्या प्रत्येक ठिकाणी यंत्र असण्यापेक्षा बरणी रोज ठरलेल्या वेळी निघणं जास्त उपयोगाचं. सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या काळात शहरातले रस्ते बंद असतात, तेव्हा नेण्याची वेळ आणि वाट आधीच ठरवून ठेवा.

पावसाळ्यात आणि वीज गेल्यावर काय?

स्कॅन चालू असताना वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते, कधी उघडतही नाही. स्कॅनर आणि त्याचा संगणक दोन्ही यूपीएसवर हवेत आणि यूपीएस किमान हातातली स्लाइड पूर्ण होईपर्यंत चालला पाहिजे. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात दमटपणामुळे भिंगांवर बुरशी धरते. खोलीत एसी किंवा डिह्युमिडिफायर ठेवा, सुट्या भिंगांच्या डबीत सिलिका जेल टाका आणि त्याचा रंग बदलला की ते बदला. सेंट्रिफ्यूज स्कॅनरच्या टेबलावर नको, थरथरीने चित्राचे पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जोडाच्या रेषेवर पेशी दुभंगलेल्या दिसतात.

ऑपरेशन चालू असताना दूरवरून फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच छेद पाहणं, होतं का?

होतं, आणि टेलिपॅथॉलॉजीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. नॉर्वेत ट्रोम्सोच्या डॉक्टरांनी किर्केनेसच्या रुग्णालयाला ही सेवा १९८९ मध्येच सुरू केली होती. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात. त्यात कापलेल्या तुकड्याची कड कर्करोगापासून मोकळी आहे की नाही हे टेबलावरच कळलं तर दुसरं ऑपरेशन टळतं.

तुकडा ताजा पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये नको आणि सलाइनमध्ये बुडवूनही नको. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून बंद डबीत. ओला तुकडा गोठताना त्यात बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी जाळीसारख्या भोकाभोकांच्या दिसतात. क्रायोस्टॅट, म्हणजे गोठलेल्या तुकड्याचे छेद कापायचं यंत्र, उणे २० ते उणे २५ अंशांवर हवा. चरबीचा तुकडा या तापमानाला नीट गोठत नाही, त्याला आणखी थंड लागतं आणि तरीही तो पात्याखाली पसरतो. छेद ५ मायक्रॉनचा, रंगाई झटपट, मग स्कॅन. तुकडा लॅबमध्ये आल्यापासून २० मिनिटांत उत्तर देणं हा जगभर मानला जाणारा मापदंड आहे. स्कॅन आणि अपलोडची ५ ते १० मिनिटं त्यात वाढतील, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांना आधी सांगा.

तिथे हजर असणारा माणूस ही यातली खरी अट आहे. तुकड्याचा नेमका कोणता भाग कापायचा हे पलीकडचा डॉक्टर कॅमेऱ्यावर पाहून सांगू शकतो, पण सुरी इथल्याच हातात असते. तो हात शिकलेला हवा. कॅमेरा तुकड्यावर धरा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि सर्जनने घातलेले टाके दाखवा. लहान टाका वर, लांब टाका बाहेरच्या बाजूला, असा संकेत ठरवून कागदावर लिहा. सगळा तुकडा गोठवू नका, थोडा फॉर्मॅलिनसाठी ठेवा. उत्तर फोनवर आलं की ते परत म्हणून दाखवा, ‘डावी कड मोकळी’ आणि ‘डावी कड मोकळी नाही’ यांत खराब लाइनवर एकच शब्द हरवतो. आणि डॉक्टर ‘आत्ता सांगता येत नाही, पक्क्या छेदावर सांगतो’ म्हणाले तर तेही उत्तरच आहे. त्यांना रेटू नका.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, दूरवरून पाहता येते का?

येते, पण बायोप्सीपेक्षा कठीण जाते. पसरलेल्या पेशींचे थर एकावर एक असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर सारखा फोकस वरखाली करत असतो. एका पातळीवरचं स्कॅन अर्धंच दाखवतं. एकाच जागेचे वेगवेगळ्या खोलीवर अनेक स्कॅन घेणारी झेड-स्टॅक सोय वापरली तर फाइल तेवढ्या पटीने फुगते. म्हणून इथे थेट कॅमेरा बरा. थायरॉइड किंवा मानेच्या गाठीची सुई घालताना पुरेशा पेशी आल्यात का, हे दूरच्या डॉक्टरने लगेच सांगितलं तर रुग्णाला पुन्हा हेलपाटा पडत नाही. काही स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या पेशी, हवेत वाळवून गिम्सा रंगासाठी आणि काही ओले असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप रंगासाठी ठेवा. अर्धवट वाळलेला स्मिअर अल्कोहोलमध्ये टाकलात तर पेशीकेंद्रं फुगलेली आणि फिकट दिसतात.

कोणत्या तपासण्या पडद्यावर करूच नयेत?

क्षयाचे जंतू शोधायला १०० एक्सचं तेलाचं भिंग लागतं. ४० एक्सच्या कोरड्या स्कॅनवर ते सुटतात, म्हणून झील-नील्सन रंगाची स्लाइड काचेवरच पाहा. पोटातले एच. पायलोरी जंतू सुटण्याची भीती २० एक्सला जास्त. ॲमिलॉइडसाठी काँगो रेड रंग देऊन ध्रुवीकृत प्रकाशात हिरवी झाक पाहावी लागते, बहुतेक स्कॅनरमध्ये ती सोय नसते. अस्थिमज्जेच्या स्मिअरमध्ये बारीक कण आणि केंद्रकातली रचना महत्त्वाची असल्यामुळे शंका असेल तर काच मागवा. दूरच्या डॉक्टरने ‘मूळ स्लाइड पाठवा’ म्हटलं तर तो त्याच्या कामाचा भाग आहे, यंत्राचा अपमान नव्हे.

आमच्या लॅबने स्कॅनर घेतला. उद्यापासून रिपोर्ट देऊ का?

आधी पडताळणी करा. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी सोपी आणि वापरण्याजोगी आहेत. एका प्रकारच्या कामासाठी किमान ६० केसेस घ्या. त्याच डॉक्टरने त्या काचेवर आणि पडद्यावर पाहायच्या, मध्ये किमान २ आठवड्यांचं अंतर, म्हणजे आधीचं उत्तर आठवत नाही. दोन्ही उत्तरं किमान ९५ टक्के वेळा जुळायला हवीत. कमी जुळली तर प्रत्येक फरक उघडून पाहा. बऱ्याचदा कारण स्कॅनरमध्ये नसतं, रंगाईत असतं. हिमॅटॉक्सिलिन जुनं झालेलं, किंवा नळाच्या पाण्यात निळेपणा चढवताना घाई केलेली. फ्रोझन आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची पडताळणी वेगळी करा.

केसेस सोप्या निवडू नका. रोज येतात तशाच घ्या.

कायद्याने रिपोर्टवर सही कुणाची?

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. डॉक्टर दूर असला म्हणून हा नियम सैल होत नाही. रिपोर्टवर त्याचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, आणि निदान डिजिटल प्रतिमेवर केलं की काचेवर, हे लिहिलेलं असावं. रुग्णालाही ते वाचता आलं पाहिजे. आधी स्कॅन केलेली सही सगळ्या रिपोर्टवर आपोआप चिकटवणाऱ्या लॅबपासून दूर राहा.

प्रतिमा बाहेर गेली तर रुग्णाचं नाव उघड होतं का?

होऊ शकतं, आणि अनेकांना हे ठाऊक नसतं. स्कॅनर स्लाइडच्या लेबलचाही फोटो काढतो आणि तो त्याच फाइलमध्ये साठवतो. फाइलचं नाव बदललं तरी आत लेबलवरचं नाव तसंच राहतं. म्हणून लेबलवर नाव न लिहिता बारकोड आणि लॅब क्रमांक ठेवा, आणि शिकवण्यासाठी किंवा सल्ल्यासाठी फाइल देताना लेबलचं चित्र काढून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, त्यामुळे रुग्णाची संमती मागणीपत्रावरच घ्या.

एआय निदान करतं म्हणे, मग डॉक्टर कशाला?

प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयित जागा दाखवणाऱ्या एका प्रणालीला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ती डॉक्टरचं लक्ष वेधते, रिपोर्ट देत नाही. दुसऱ्या देशातल्या रंगाईवर शिकलेली प्रणाली आपल्या लॅबच्या गुलाबी-जांभळ्या छटांवर वेगळी वागू शकते, म्हणून तिचीही स्थानिक पडताळणी लागते.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचंय. स्कॅन पुरेल की स्लाइड, की ब्लॉक?

आधी त्या रुग्णालयाला विचारा. मोठी कर्करोग रुग्णालयं बहुधा मेणाचे ब्लॉक मागतात, कारण त्यांना स्वतः नवे छेद घेऊन इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करायची असते. स्कॅनवरून रंग नव्याने देता येत नाही. लॅबने स्लाइड आणि ब्लॉक देण्याआधी सगळ्या स्लाइड्स स्कॅन करून ठेवाव्यात आणि ब्लॉक एकच असेल तर काही कोरे छेद काढून ठेवावेत. वाटेत काही हरवलं तर तेवढाच आधार.

उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावी, असा तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. ब्लॉक घेताना क्रमांक, संख्या आणि तारीख लिहून पोच द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. ब्लॉक फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे नसतात. कोरड्या पिशवीत, नाव आणि क्रमांक लिहून ठेवा. स्लाइड प्लास्टिकच्या खाचांच्या डबीत ठेवा, कागदात गुंडाळू नका. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. उन्हाळ्यात नाशिकहून कसाऱ्याच्या घाटातून मुंबईपर्यंतच्या सुमारे १७० किलोमीटरच्या प्रवासात काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून तेवढी तापू शकते. पिशवी डॅशबोर्डवर किंवा डिकीत न ठेवता मांडीवर घ्या, आणि जेवायला उतरलात तर ती सोबत न्या.